एकट्यास प्रवेश नाही

समजा, तुम्हाला एका लग्नाचं चित्र काढायचं आहे. साल दोन हजार एक्याण्णव. मांडव घातलाय तो रॉकेट उडायच्या ओट्यावर. नवरा-नवरी समोरासमोर उभे आहेत, मधे अंतरपाट आहे, भटजींची मंगलाष्टकं चालली आहेत आणि त्यांच्या मागून भोंग्यावर उलटे आकडे मोजणं चाललं आहे. शून्य म्हणायच्या आत लग्न लागून जोडी आत जाऊन बसली पाहिजे. आता पेन्सिल घ्या आणि सांगा, हळद फेडायला पाणी नाही, तर नवरी अंग कशानं पुसते? करवलीच्या हातातल्या कलशात काय असतं? वरमाईचे पाय कशानं धुतात, की तोवर वरमायांनी रुसणंच सोडून दिलंय? हे जमलं तर पुढचं पान घ्या. रॉकेट वर गेलंय. आत कशालाच वजन नाही. नवऱ्याच्या मामाच्या खिशात मूठभर अक्षता उरल्यात, त्या त्यानं उधळल्या. त्या पडणार कुठं? डोक्यावर पडत नाहीत, पायाखाली पडत नाहीत, नुसत्या तरंगत राहतात. मग ते लग्न लागलं म्हणायचं का?

जानकी ह्याच पानावर अडली होती.

अंबाजोगाईच्या बसस्थानकामागच्या गल्लीत उत्तरेश्वर भाऊंचं फ्लेक्सचं दुकान आहे. जानकी तिथं संगणकावर बसते. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल केलेलं, म्हणजे घराचे नकाशे काढायचं शिक्षण. पण सलग दुष्काळ पडल्यावर घरं बांधतंय कोण? वाढदिवस, लग्नं, दहाव्याची श्रद्धांजली आणि पुढाऱ्यांच्या शुभेच्छा एवढंच काय ते छापून घेणं लोकांनी थांबवलं नव्हतं. त्यातली लग्नंही तुळशीचं लग्न लागेपर्यंत बंद. म्हणून दसरा ते तुळशीचं लग्न हे दिवस दुकानात जरा मोकळे. त्या मोकळ्या दिवसांत जानकी आपली चित्रकादंबरी पुढं ढकलायची. रॉकेट ती घराच्या नकाशासारखं काढायची, आधी प्लॅन, मग एलेव्हेशन, मग मधोमध कापून सेक्शन. उत्तरेश्वर भाऊ मागून वाकून बघत.

"जानके, ह्यात संडास कुठं काढलास?"

"हे काय, डाव्या हाताला."

"दार लग्नाच्या मांडवाकडं उघडतंय की."

ती दार दुसरीकडे फिरवायची. असे हे दोघं.

गोष्ट अशी होती. पृथ्वीवरचं पाणी संपलंय. दूर एका बर्फाच्या लघुग्रहावर ऊस लावलाय आणि तिथं सहकारी कारखाना उभा राहिलाय. तोडायला माणसं कुठून न्यायची? बीड जिल्ह्यातून. पण रॉकेटात एक पट्टा दोघांना मिळून बांधतात आणि ऊस तोडायच्या यंत्राला दोन मुठी असतात, एक बाप्याची, एक बाईची. म्हणून फाटकावर नोटीस लागते आणि ज्यांची लग्नं झालेली नाहीत त्यांची तिथंच, आकडे मोजत मोजत, लावली जातात.

हे तिनं हवेतून काढलेलं नव्हतं. आपल्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम टोळी बांधताना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. जानकीच्या आईवडिलांचंही असंच जुळलेलं, आणि ते दोघं अजून दरसाल दिवाळी झाली की जातात. जानकी शाळेत गेली ती तुळजामावशीमुळं. धर्मापुरीच्या पुढं डोंगराच्या कडेला मावशीचं गाव. तेव्हा मावशीच्या बोअरला पाणी होतं, तिला हंगामाला जायची गरज नव्हती. तिनं बहिणीला सांगितलं होतं, "पोरगी माझ्याकडं राहू दे. तिला कावून कोयत्याला जुपायची?" मावशीच्या चुलीवरची भाकर खाऊन जानकी आयटीआयपर्यंत पोचली. पुढं बोअर आटला. गेल्या दोन हंगामांपासून मावशी आणि तिचा नवरा धर्मराज हेही टोळीत जायला लागले.

आता त्या नोटिशीचं.

जानकीच्या गावाजवळचा सहकारी कारखाना ऊसच नाही म्हणून बंद पडलेला. त्याच्या फाटकावरच्या काचेच्या पेटीत जुन्या नोटिसा तशाच होत्या. लहानपणी सुट्टीत गावी गेली की वडिलांची वाट बघत ती त्या वाचत बसायची. चित्रकादंबरीतल्या फाटकाला तशीच नोटीस हवी, म्हणून तिनं जीव लावून काढली. जुन्या टाइपाची अक्षरं, जावक क्रमांक, जरा तिरका बसलेला गोल शिक्का, शिक्क्याची शाई एका अंगाला जास्त, 'कार्यकारी संचालक' ह्या शब्दांवर 'करिता' लिहून दुसऱ्याच कुणाची तरी सही. मजकूर एवढाच: 'चालू गळीत हंगामासाठी ऊसतोड मजुरांना फक्त विवाहित जोडीने प्रवेश देण्यात येईल. एकट्यास प्रवेश नाही.' वर साल दोन हजार एक्याण्णव आणि कारखान्याचं नाव, 'नभांगण सहकारी साखर कारखाना, लघुग्रह क्रमांक सात'. नोटिशीमागून एका बाजूला रॉकेटचं शेपूट दिसत होतं.

उत्तरेश्वर भाऊ ते बघून उडालेच. "अगं, हे काढलेलं हाय? मला वाटलं फोटोच हाय." त्यांनी लगेच मोबाईलवर चित्र घेतलं आणि आपल्या स्टेटसला ठेवलं. खाली लिहिलं, 'आमच्या दुकानाचं काम'. फोनच्या चौकटीत चित्र बसेना. वरचा भाग कापला गेला, बाजूचं शेपूटही गेलं. मधे उरली ती नुसती नोटीस. भाऊंच्या लक्षात आलं नाही. जानकीनं ते स्टेटस पाहिलं होतं, आणि तिला आवडलं होतं.

दिवाळी तोंडावर आली तशी एका दुपारी मावशीचा फोन आला.

"जानके, रविवारी ये. कडूचं लगीन हाय."

कडूबाई ही मावशीची एकुलती एक. तिच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, दृष्ट लागू नये म्हणून. दहावी होऊन अकरावीला नाव घातलेलं. अठरा पूर्ण व्हायला अजून एक पावसाळा जायचा होता.

जानकी म्हणाली, "मावशी, अजून तुळशीचं लग्न लागलं नाही. आणि कडूला अठरा पुरी कुठं झालीत?"

"तुळशीला थांबायला येळ न्हाई. कार्ड न्हाई, फ्लेक्स न्हाई, गाजावाजा न्हाई. घरच्या घरी लावायचं. आप्पाराव मुकादमाचा पुतण्या हाय, बद्रीनाथ. पोरगं निर्व्यसनी हाय."

"एवढी घाई कावून?"

"नोटीस आलीया माय. जोडी असल तरच घेणार हायेत औंदा, एकट्या पोरीला संगं नेता येणार न्हाई. मुकादमानं समद्यांना धाडलीया. थांब, तुला बी धाडते."

फोन टिंग वाजला. जानकीनं उघडून बघितलं. शिक्क्याची शाई डाव्या अंगाला जास्त होती.

चित्रावर 'पुढे पाठवलेला संदेश' असं लिहिलेलं होतं, खूप वेळा पाठवला गेला की लिहून येतं तसं. तिनं भाऊंना हाक मारली आणि फोन त्यांच्यापुढं धरला. भाऊंनी आधी हसून मान हलवली, मग त्यांचा चेहरा उतरला.

"हे... हे तर आपलंच हाय की."

"हो भाऊ."

"मी आत्ता काढतो स्टेटस."

"ते कधीच निघून गेलंय, भाऊ. एका दिवसाचंच असतं."

रविवारची वाट न बघता ती दुसऱ्या दिवशी सकाळीच वडापच्या जीपनं निघाली. डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस गुडघ्याच्याही खाली राहून वाळलेला. फाट्यापासून गावापर्यंत चालताना टँकर तिच्या अंगावर धूळ उडवत पुढं गेला आणि मागून रिकामे ड्रम घेऊन माणसं पळाली. त्यात एक लांबोडका पोरगा होता, ओठांवर नुकती मिसरूड फुटलेला. त्यानं तिच्याकडं बघून ओळखीचं हसू दिलं. हा बद्रीनाथ असावा, असं तिला वाटून गेलं.

मावशीच्या ओसरीवर जुन्या वर्तमानपत्रावर ज्वारी वाळत घातली होती, कुंकवात रंगवलेली. अक्षतांची. पलीकडं वाटीत हळद भिजत होती. धर्मराज भिंतीला टेकून तंबाखू मळत होते, आणि खाटेवर आप्पाराव मुकादम बसले होते. पांढरी विजार, खिशात दोन मोबाईल. कडू चुलीपाशी पाठ करून बसलेली. ती वळली नाही.

"ये गं अंबाजोगाईकरीण," धर्मराज म्हणाले. "रविवार आजच आला व्हय?"

जानकीनं पाणीही मागितलं नाही. "मावसा, ती नोटीस खोटी आहे."

आप्पारावांनी मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"मी काढलीय ती. माझ्या हातानं. ती गोष्टीतली आहे."

"कसल्या गोष्टीतली?"

ती सांगायला लागली. लघुग्रह, बर्फ, रॉकेट, दोन मुठींचं यंत्र. दुकानात बसून सांगताना जे भारी वाटायचं ते इथं, रंगवलेल्या ज्वारीशेजारी, तिच्याच कानाला पोरकट ऐकू येत होतं. धर्मराजांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"म्हंजे ऊस आभाळात?"

"हो मावसा."

"तितं तरी पाणी हाय म्हण की!" ते खो खो हसले. मावशी हसली नाही.

आप्पारावांनी आपला मोबाईल काढला, नोटीस मोठी केली आणि तिच्यापुढं धरली. "बरं, तुझी गोष्ट. मग ह्यात खोटं काय हाय त्याच्यावर बोट ठेव."

"हा शिक्का खोटा."

"शिक्का सोड. मजकूर वाच."

जानकीनं स्वतःचंच वाक्य वाचलं. तिला बोट ठेवायला जागा सापडेना.

"सापडंना ना?" आप्पारावांचा आवाज चढला नव्हता. "मी येवढी सालं टोळ्या बांधतो. कवा कुणी अर्धा कोयता घेतलाय? आता त्यात मशिनी आल्यात ऊस तोडायच्या. औंदा आपल्याकडं उसाचं चिपाड बी न्हाई, समदी माणसं निघालीत. कारखान्याला निवडायला भरपूर हायेत. तू जे लिव्हलंस ते आमी तोंडानं बोलतच हुतो. तू शिक्का मारून दिलास येवढंच."

"पण मी फोन करू शकते. मुलगी लहान आहे. हेल्पलाइन आहे, पोलीस आहेत."

"कर की. पोलीस इचारतील लगीन कावून लावताय, मी ही नोटीस दाखवीन. मंग ते इचारतील नोटीस कुणी काढली. काय सांगशील?"

कोंबडी रंगीत ज्वारीकडं आली, मावशीनं तिला हुसकलं.

जानकीला एवढंच सुचलं. "तुम्ही कारखान्याला विचारलंत का? तुमचा फोन लागेल तिथं, माझा नाही लागणार. एकदा विचारा. नोटीस खरी निघाली तर मी गप उठून जाते."

आप्पारावांना ते आवडलं नाही, पण धर्मराज त्यांच्याकडं बघत होते. मुकादमानं पाठवलेली नोटीस खरी की खोटी हे मुकादमालाच माहीत नाही असं दिसायला नको होतं. ते उठून निंबाखाली गेले आणि कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. बोलणं ऐकू येत नव्हतं. पाठ दिसत होती. आधी पाठ ताठ होती, मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

परत आल्यावर ते जानकीशी बोलले नाहीत. धर्मराजांना म्हणाले, "तशी नोटीस न्हाई म्हणतोय."

"न्हाई?"

"कुटंच न्हाई. त्यो उलट मलाच इचारतोय, तुमाला कुणी धाडली? त्याच्याकडं बी दोन टोळ्यांकडनं आलीया म्हणं."

जानकीच्या छातीवरचा दगड निम्मा उतरला. तेवढ्यात मावशी बोलली, आणि तो परत जागेवर आला.

"नोटीस न्हाई तर न्हाई. लगीन रविवारीच."

"मावशी!"

"काय मावशी? नोटीस नव्हती तवा बी मी झोपत नव्हते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "गेल्या साली हिला संगं नेली. पालाला दार असतंय का? कडी असती का? रातभर कोयता उशाला घिऊन मी बसून असायची. दिवसा उसात, रातच्याला जागी. औंदा हितं ठिवू म्हणलं तर कुणापाशी? गावात म्हातारीकोतारी राहत्यात नुसती. लग्नाची झाली की तिचा माणूस तिच्यासंगं ऱ्हाईल. माझं डोळं मिटतील. तू चित्रं काढतीस, माय. तुझ्या चित्रात पोरीला ठिवायला जागा हाय का एखादी?"

रॉकेटाच्या प्लॅनमध्ये जानकीनं संडास काढला होता, स्वयंपाकघर काढलं होतं, अक्षता ठेवायचा कप्पासुद्धा काढला होता. एकट्या मुलीला राहायला खोली तिनं काढली नव्हती. तिच्या गोष्टीत तशी गरजच पडली नव्हती.

"माझ्याकडं राहील," ती म्हणाली. "अंबाजोगाईला. खोली एकच आहे, पण दाराला कडी आहे. कॉलेज तिथंच करील. मला ठेवलं होतंस ना तू?"

"मी तुझी मावशी हुते. घर हुतं माझं, बोअर हुता. तू एकटी पोर. लोक म्हणतील दोन तरण्या पोरी एका खोलीत."

"म्हणू दे."

"म्हणू दे म्हणायला तुला काय जातंय? तुझं बी लगीन व्हायचंय."

चुलीपाशी हालचाल झाली. कडूनं पहिल्यांदा तोंड वळवलं. हाताला पीठ तसंच होतं. "आई, मी जाती ताईकडं," ती म्हणाली. आवाज इतका साधा होता, की जणू दळण आणायला जायचं होतं.

मावशी तिच्याकडं बघत राहिली. मग नवऱ्याकडं बघितलं. धर्मराजांनी मळून मळून काळा झालेला तंबाखू शेवटी तोंडात टाकला आणि आप्पारावांना म्हणाले, "मुकादम, औंदा आमचा एकच कोयता धरा."

"पुतण्याचा अर्धा कोयता मी काय डोक्यावर घिऊ?" आप्पाराव उठले. जाताना जानकीपाशी थांबले. "त्या आभाळातल्या कारखान्याला मुकादम हाय का गं?"

"आहे."

"कसा हाय दिसायला?"

तिनं सांगितलं नाही. पांढरी विजार आणि खिशात दोन मोबाईल, असाच तिनं त्याला काढला होता.

मावशीनं एवढंच कबूल केलं, "गुढीपाडव्यापस्तोर. येक हंगाम. मंग बघू." अठरा पुरी होईपर्यंत, असं जानकीला तिच्याकडून वदवून घ्यायचं होतं. जमलं नाही. निघताना मावशीनं रंगवलेली ज्वारी एका पिशवीत भरून कडूच्या हातात दिली. "दळता बी येत न्हाई, टाकवत बी न्हाई. ने तिकडंच."

फाट्यावर बद्रीनाथ ड्रमवर बसला होता. त्याला सगळं कळलेलं होतं. तो कडूकडं बघेना, जानकीलाच म्हणाला, "ताई, त्या रॉकेटात मोबाईलला रेंज असती का?"

"नसते."

"मंग त्या नवऱ्याचा टाइमपास कसा व्हतो?" त्यानं विचारलं, आणि स्वतःच लाजला. एवढ्या सगळ्यांत गोष्ट गोष्ट म्हणून ऐकणारा तोच एक होता. दिवाळीनंतर तो टोळीबरोबर गेला. त्याचं कुणाशी ठरलं की नाही, जानकीनं विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

कडू अंबाजोगाईला आली. संध्याकाळी कॉलेजातून येताना ती दुकानात थांबायची, चित्रं बघायची आणि चुका काढायची. नवरी चुडा उलटा घालते का, ताई? जानकी दुरुस्त करायची. ज्वारीची पिशवी खोलीत खिळ्याला टांगलेली होती. तरंगणाऱ्या अक्षता कशा दिसतील ते कळावं म्हणून जानकी मूठभर वर उडवायची आणि मोबाईलवर फोटो काढायची. नंतर दोघी झाडू घेऊन गोळा करायच्या.

त्या नोटिशीचं काय झालं, ते मात्र तिला गोळा करता आलं नाही. तिनं खुलासा लिहिला: 'ही नोटीस खोटी आहे, माझ्या गोष्टीतली आहे, कृपया पुढे पाठवू नका.' तो भाऊंनी पाठवला, तिनं पाठवला, कडूनं वर्गातल्या मुलींना पाठवला. तो फार लांब गेलाच नाही. आठवडाभरानं नोटीसच तिच्याकडं परत आली, पाटोद्याकडच्या कुणाकडून. आता तिच्या डोक्यावर लाल अक्षरांत कुणीतरी 'तातडीचे, सर्व टोळ्यांना कळवा' असं जोडलेलं होतं. मग वडवणीकडून आली. मग धारूरकडून, धूसर झालेली, शिक्का ओळखू न येणारी. त्या साली तुळशीच्या लग्नाआधी कुठं कुठं मांडव पडले असतील, ते तिला कळायला मार्ग नव्हता. अशा लग्नांचं कार्ड निघत नाही, फ्लेक्स लागत नाही.

पुढचं साल सरता सरता दुकानात बारशाच्या फ्लेक्सची कामं यायला लागली. बाळाचा फोटो मधे, आईबापाचे दोन बाजूंना. मागचा भाग कापून काढायला चेहरा खूप मोठा करावा लागतो, पडदाभर. जानकी तशी एकेक आई पडद्यावर आणते. गालावर अजून शाळेतला गोलावा असलेल्या काही असतात. हंगामातल्या उन्हानं रापलेल्या. कधी ती आई स्वतःच बाळाला घेऊन काउंटरशी उभी असते, रंग कुठला घ्यायचा ते ठरवत. जानकी बाळाचं नाव विचारते, मामाचं नाव विचारते, तारीख विचारते. जे विचारायचं असतं ते ओठांवर येतं आणि ती पुन्हा माऊस हातात घेते.

चित्रकादंबरीचं शेवटचं पान अजून तसंच आहे, अक्षता मधल्या मधे, कुठंच न टेकलेल्या. कडू विचारते, ताई, हे पान कधी पुरं करणार? जानकी म्हणते, एका बाईला एक गोष्ट विचारायची राहिलीय, तिचं उत्तर मिळालं की करीन. कोणत्या बाईला, ते तिलाच ठाऊक नाही. समोर उभी राहील ती. विचारायचं एवढंच आहे: ताई, तुमचं लग्न ठरलं तेव्हा घरात कुणी मोबाईलवर एक नोटीस दाखवली होती का?